नाचता येतं, आता शिकवायचंय: सर्टिफिकेट घ्यावं का, आणि घ्यायचं तर कसं

‘ताई, नाच शिकवायला सर्टिफिकेट लागतं का?’ असं कुणी विचारलं की मी उलट विचारते, ‘तुमच्याकडे ते मागणार कोण आहे?’ बहुतेकांकडे याचं उत्तर नसतं. कागद हवा असं कुणीतरी सांगितलेलं असतं, मग शोधाशोध सुरू होते आणि जी पहिली जाहिरात दिसेल तिथे पैसे भरले जातात. मीही असेच भरले होते. दोन दिवसांची कार्यशाळा, शेवटी सोनेरी कडांचं प्रमाणपत्र आणि त्यावर ‘आंतरराष्ट्रीय’ हा शब्द दोनदा. त्या दोन दिवसांत आम्ही एक नाच बसवला. शिकवायचं कसं, यावर अवाक्षर नाही. ते प्रमाणपत्र आजवर मला कुणी मागितलेलं नाही आणि मीही ते कुणाला दाखवलेलं नाही.

तेव्हा पायरीपायरीने जाऊ, पण फॉर्म भरणं ही पहिली पायरी नाही.

पहिली पायरी: कागद कोण मागणार ते शोधा

मागणारे साधारण चार प्रकारचे असतात.

पहिला मागणारा कायदा. खाजगी क्लास काढायला बहुतेक ठिकाणी सरकार नृत्याची पदवी विचारत नाही. ब्रिटनमध्ये आणि अमेरिकेत कुणीही उद्या हॉल भाड्याने घेऊन नाच शिकवायला लागू शकतं. याला ठळक अपवाद फ्रान्सचा. तिथे १९८९ च्या कायद्यानुसार बॅले, समकालीन आणि जॅझ हे तीन प्रकार पैसे घेऊन शिकवायचे तर सरकारी डिप्लोमा लागतो. त्यासाठी आधी स्वतःच्या नाचाची चाचणी, मग संगीत, नृत्याचा इतिहास, शरीरशास्त्र आणि अध्यापन अशा चार विषयांची तयारी. गंमत म्हणजे हिपहॉप, साल्सा, फ्लामेंको हे त्या कायद्यात येतच नाहीत. म्हणजे एकाच इमारतीत खालच्या मजल्यावरच्या बॅले शिक्षिकेला डिप्लोमा सक्तीचा, आणि वरच्या मजल्यावरच्या साल्सावाल्याला नाही. म्हणून दुसऱ्या देशात जाऊन शिकवायचा विचार असेल तर तिथला नियम तुमच्या नृत्यप्रकारासाठी काय आहे ते आधी बघा. ‘डान्स टीचर’ या मोघम शब्दावर जाऊ नका.

दुसरी मागणारी शाळा. खाजगी क्लास वेगळा आणि शाळेच्या वेळापत्रकातला नृत्याचा तास वेगळा. अमेरिकेतल्या सरकारी शाळेत शिकवायला राज्याचा शिक्षक परवाना लागतो. नृत्यसंस्थेचं सर्टिफिकेट त्याची जागा घेत नाही. कायम नोकरी आणि ठराविक पगार हवा असेल, तर तुमचा रस्ता विद्यापीठाची पदवी आणि शिक्षणशास्त्राचा अभ्यासक्रम असा आहे. या लेखातलं पुढचं बरंचसं तुम्हाला पूरक म्हणून उपयोगी पडेल, मुख्य कागद म्हणून नाही.

तिसरी मागणारी परीक्षा घेणारी संस्था. लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ डान्सच्या बॅले परीक्षा जगभर दिल्या जातात. या परीक्षांना विद्यार्थी बसवायचे तर शिक्षक त्या संस्थेत नोंदलेला असावा लागतो. इथे सर्टिफिकेट हे अक्षरशः दाराची किल्ली आहे. तुम्ही कितीही उत्तम शिकवत असलात, तरी नोंदणी नसेल तर तुमच्या विद्यार्थ्याला परीक्षेला बसण्यासाठी दुसऱ्या शिक्षकाकडे जावं लागेल.

चौथा ब्रँड. झुंबा, म्हणजे नाचातून व्यायाम करायचा वर्ग, हे नोंदणीकृत व्यापारचिन्ह आहे. त्यांचं प्रशिक्षण घेऊन परवाना घेतल्याशिवाय तुम्ही आपल्या वर्गाला ते नाव देऊ शकत नाही. नाचातून व्यायामाचा वर्ग ‘डान्स फिटनेस’ म्हणून घ्यायला मात्र त्यांची हरकत असायचं कारण नाही. प्रशिक्षण एक-दोन दिवसांचं असतं, आणि परवाना चालू ठेवायला पुढे सभासदत्वाची वर्गणी भरत राहावी लागते. यात वाईट काही नाही, फक्त तुम्ही काय विकत घेताय ते कळलेलं असावं: एक नाव वापरायची मुभा.

पालक या यादीत नाहीत, कारण माझ्या अनुभवात पालक सर्टिफिकेट मागत नाहीत. ते वर्ग बघतात, फी विचारतात आणि शेजारणीची मुलगी तिथे जाते का ते बघतात. सर्टिफिकेट भिंतीवर असेल तर जाताना त्यावर एक नजर टाकतात, इतकंच.

आता तुमच्याकडे चौघांपैकी कुणीच मागणारं नसेल, तर सर्टिफिकेट नको का? तसंही नाही. पण मग ते शिकण्यासाठी घ्यायचं, दाखवण्यासाठी नाही. आणि शिकण्यासाठी घ्यायचं म्हटलं की निवडच बदलते.

दुसरी पायरी: नाचण्याची परीक्षा आणि शिकवण्याची परीक्षा यांत गल्लत करू नका

सगळ्यात जास्त लोक इथे घसरतात. ‘मी आठव्या ग्रेडपर्यंत केलंय, म्हणजे मी शिकवू शकते ना?’ ती ग्रेड सांगते की तुम्ही नाचू शकता. रॉयल अकॅडमीतसुद्धा ग्रेडच्या परीक्षा वेगळ्या, व्यावसायिक पातळीच्या परीक्षा वेगळ्या आणि अध्यापनाचे अभ्यासक्रम त्याहून वेगळे. कथक-भरतनाट्यमच्या बाबतीतही हेच. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून सुरू होतात आणि प्रवेशिका, मध्यमा करत विशारद पूर्णपर्यंत सात टप्पे होतात. विशारद झालेली व्यक्ती शिकवू शकते असं सगळे धरून चालतात, आणि पुष्कळदा ते खरंही असतं. पण ती परीक्षा मुख्यतः तुमचं सादरीकरण, पढंत (नाचाचे बोल तोंडाने म्हणणं) आणि शास्त्र तपासते. समोरच्या सात वर्षांच्या मुलीला सम (तालाची पहिली मात्रा) का सापडत नाही आणि तिला ती कशी सापडवून द्यायची, हे परीक्षकाच्या टेबलावर येत नाही.

म्हणून कुठल्याही संस्थेचा अभ्यासक्रम हातात आला की दोन गोष्टी शोधा. एक, त्यात तुम्हाला खऱ्या विद्यार्थ्यांना शिकवताना कुणी बघणार आहे का? दोन, शरीराबद्दल काही शिकवणार आहेत का? दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असेल तर ती नाचाची परीक्षा आहे, मग तिचं नाव काहीही असो.

तिसरी पायरी: तुमच्या नृत्यप्रकारात खरी पद्धत काय आहे ते बघा

बॅलेमध्ये संस्था जुन्या आणि घट्ट. रॉयल अकॅडमी १९२० सालची. इटालियन गुरू एनरिको चेकेट्टी यांच्या पद्धतीची संस्था १९२२ ची. अमेरिकन बॅले थिएटर आपल्या राष्ट्रीय अभ्यासक्रमाचं शिक्षकांना पातळीनुसार प्रशिक्षण देतं. रशियन बॅलेची वागानोवा पद्धत सेंट पीटर्सबर्गच्या ज्या शाळेतून आली ती १७३८ सालची. पण ‘वागानोवा पद्धतीने शिकवतो’ असं म्हणणारे वर्ग जगभर आहेत, आणि त्यातल्या प्रत्येकाचा त्या शाळेशी संबंध असेलच असं नाही. विचारून घ्या.

बॉलरूम आणि लॅटिन या जोडीने नाचायच्या प्रकारांत इंपीरियल सोसायटी ऑफ टीचर्स ऑफ डान्सिंग ही १९०४ साली लंडनमध्ये सुरू झालेली संस्था. असोसिएट, मग लायसेन्शिएट, मग फेलो अशी चढण. इथली खासियत अशी की ही मुळातच शिक्षकांची संस्था आहे. त्यामुळे परीक्षा नाचाची वाटली तरी तिचा कणा शिकवण्याचा असतो. ती कशी असते ते पुढे सांगते.

हिपहॉप, ब्रेकिंग आणि स्ट्रीटच्या इतर प्रकारांत सर्वांनी मानलेली एक अशी परीक्षा नाही. पॅरिसच्या २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये ब्रेकिंग येऊन गेलं, तरी शिक्षकाची पत अजून बॅटल (समोरासमोरच्या लढती), क्रू (तुमचा नाचणारा गट) आणि कुणाकडे शिकलात यावरच ठरते. तिथे सर्टिफिकेट पुढे केलंत तर लोक हसतील, निदान मनातल्या मनात. साल्सा, बचाता, अर्जेंटाइन टँगो यांतही असंच. संस्था आहेत, पण सर्वमान्य एक नाही. अशा प्रकारांत मी सरळ सांगेन की पैसे सर्टिफिकेटऐवजी चांगल्या शिक्षकाच्या हाताखाली घालवा, आणि शरीरशास्त्र व प्रथमोपचार यांचे स्वतंत्र छोटे कोर्स करा.

चौथी पायरी: आधी कुणाच्या तरी वर्गात सहा महिने उभे राहा

अर्ज करायच्या आधीच. ज्यांच्या शिकवण्यावर तुमचा विश्वास आहे अशा सरांना किंवा मॅडमना विचारा, ‘लहानांच्या बॅचला मदतनीस म्हणून येऊ का?’ बहुतेक जण हो म्हणतात, कारण बुटांच्या नाड्या बांधायला कुणीतरी हवंच असतं. कित्येक संस्थांच्या अध्यापन अभ्यासक्रमात असे प्रत्यक्ष अनुभवाचे तास लागतातच. तेव्हा पहिल्या दिवसापासून वहीत तारीख, बॅच, वेळ आणि काय केलं ते लिहून ठेवा, आणि महिन्याच्या शेवटी शिक्षकाची सही घ्या. नंतर आठवून लिहिलेली वही परीक्षकाला लांबून ओळखू येते.

मदतनीस असताना बघायचं काय, तर नाच सोडून बाकी सगळं. सूचना किती शब्दांत दिली? चूक सगळ्यांसमोर सांगितली की जवळ जाऊन? संगीत केव्हा थांबवलं? आणि उजव्या-डाव्याचा खेळ. विद्यार्थ्यांकडे तोंड करून शिकवताना तुम्हाला त्यांचा आरसा व्हावं लागतं. तोंडाने ‘उजवा पाय’ म्हणायचं आणि स्वतः डावा टाकायचा, तेही लय न सोडता, मोजणी न चुकवता, आणि मागच्या ओळीत कोण कुणाला ढकलतंय त्यावर डोळा ठेवून. पहिल्यांदा मी हे केलं तेव्हा अर्धी बॅच उजवीकडे आणि अर्धी डावीकडे गेली, मधले दोघे एकमेकांवर आदळले. मी वीस वर्षं नाचत होते. पण बोलत बोलत, उलट्या पायाने नाचायची वेळ कधी आलीच नव्हती.

घरी सराव करायची एक युक्ती: तुम्हाला झोपेतसुद्धा येणारी आठ मात्रांची स्टेप घ्या आणि ती फोनवर बोलल्यासारखी, हात-पाय न हलवता, केवळ शब्दांत कुणाला तरी समजावून सांगा. समोरच्याने तुम्ही सांगितलं तसंच करायचं, अंदाजाने भर घालायची नाही. पाच मिनिटांत कळतं की आपल्या पायांना माहीत असलेलं आपल्या तोंडाला माहीत नाही.

पाचवी पायरी: शरीर शिका, हा भाग टाळू नका

मला विचाराल तर सर्टिफिकेट घ्यायचं सगळ्यात भक्कम कारण हेच. चुकीची शिकवलेली स्टेप पुढे दुरुस्त करता येते, चुकीचा शिकवलेला गुडघा येत नाही.

बॅलेतलं पाय बाहेर वळवणं घ्या. ते वळण मुख्यतः खुब्याच्या सांध्यातून यायला हवं. मुलं आरशात बघून पावलं जमिनीवर जास्तीत जास्त बाहेर फिरवतात आणि उरलेला फरक गुडघा व घोटा पिळून भरून काढतात. वरून छान दिसतं. तपासायचं असेल तर त्याच स्थितीत गुडघे वाकवायला सांगा. गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत न जाता आत पडला, तर तेवढं वळण उसनं आहे. पावलं थोडी आत घ्यायला लावा. मूल खट्टू होतं, आईही विचारते की शेजारच्या वर्गात तर जास्त वळवतात. वळवू दे.

दुसरं उदाहरण पॉइंट शूजचं, म्हणजे पायाच्या बोटांच्या टोकावर उभं राहून नाचायच्या बॅलेच्या बुटांचं. आठ वर्षांच्या मुलीला ते हवे असतात, कधीकधी तिच्यापेक्षा तिच्या आईला. पावलाची हाडं या वयात अजून पक्की झालेली नसतात, आणि ती पूर्ण भरायला किशोरवय सरत यावं लागतं. बाराव्या वर्षाच्या आसपासपर्यंत घाई करायची नाही, हा जाणत्या बॅले शिक्षकांचा साधारण दंडक. पण नुसतं वय बघून भागत नाही. कंबर आणि पोट स्थिर राहतं का, एका पायावर टाच उचलून डगमगल्याशिवाय उभं राहता येतं का, नियमित तालीम किती वर्षांची आहे, हे सगळं बघायचं. फ्रान्समध्ये तर लहानांना काय शिकवायचं हेसुद्धा नियमात आहे. चार-पाच वर्षांच्या मुलांना केवळ शरीराची ओळख, सहा-सात वर्षांच्यांना प्राथमिक तयारी, आणि खरं तंत्र आठव्या वर्षापासून. तुमच्या गावी तसा नियम नसेल, तरी लहान बॅचचा अभ्यासक्रम आखताना ही विभागणी समोर ठेवायला हरकत नाही.

नृत्याचं वैद्यक आणि शास्त्र यांवर काम करणारी एक आंतरराष्ट्रीय संघटना १९९० पासून आहे, आणि शिक्षकांना वाचता येईल असं साहित्य ती प्रसिद्ध करते. कुठल्याही कोर्सला न जाता तेवढं वाचलंत तरी दोन दिवसांच्या सोनेरी प्रमाणपत्रापेक्षा जास्त हाती लागेल.

सहावी पायरी: परीक्षा, जवळून

मी बॉलरूमची दिली, म्हणून तिच्याबद्दल सांगते. आधी जोडीदाराबरोबर नाच. इथपर्यंत सगळ्यांना वाटतं की जमलं. मग जोडीदाराला बाजूला बसवतात आणि तुम्ही एकट्याने आधी पुरुषाची पावलं करायची, मग स्त्रीची. कारण शिक्षकाला दोन्ही बाजू याव्या लागतात. त्यानंतर तोंडी.

माझ्या परीक्षक बाईंनी वॉल्ट्झ या बॉलरूम नाचातला नॅचरल टर्न, म्हणजे उजवीकडचं वळण, विचारला. ही सहा पावलांची अगदी सुरुवातीची आकृती, नवशिक्याला पहिल्याच आठवड्यात शिकवतात. ‘पुरुषाच्या पहिल्या ते तिसऱ्या पावलापर्यंत किती वळण?’ मी करून दाखवायला लागले. बाई म्हणाल्या, ‘नाही, उभ्या राहा आणि सांगा.’ उत्तर असं: एक ते दोनमध्ये पाव, दोन ते तीनमध्ये एक अष्टमांश, म्हणजे पहिल्या निम्म्यात तीन अष्टमांश. दुसऱ्या निम्म्यातही तेवढंच, सगळं मिळून पाऊण फेरा. मग पुढचा प्रश्न, पहिल्या पावलाला पाऊल जमिनीला कसं लागतं? आधी टाच, मग चवडा. दुसऱ्याला? नुसता चवडा. तिसऱ्याला? चवडा, मग टाच खाली. असं एकेका आकृतीसाठी पावलाची जागा, दिशा, वळण, चढ-उतार, कल.

हे रटाळ वाटतं, मलाही वाटलं होतं. पण पुढच्याच महिन्यात एक गृहस्थ वर्गात आले, त्यांचा नॅचरल टर्न दर वेळी भिंतीवर जाऊन आदळायचा. पूर्वी मी म्हणाले असते, ‘अजून थोडं वळा.’ आता मला दिसलं की ते पहिल्या पावलातच सगळं वळून घेत होते, मग दुसऱ्या पावलाला वळायला काही उरतच नव्हतं आणि त्यांच्याबरोबर नाचणाऱ्या जोडीदार बाईंना त्यांच्याभोवती धावावं लागत होतं. ‘पहिलं पाऊल सरळ पुढे टाका, वळण त्यानंतर’ एवढं सांगितलं आणि भिंत वाचली.

तुमची परीक्षा दुसऱ्या प्रकारातली असेल तरी तयारीची रीत हीच. अभ्यासक्रमातली प्रत्येक गोष्ट तीन प्रकारे यायला हवी: करून दाखवता, बोलून सांगता, आणि दुसऱ्याने केली तर त्यातली चूक ओळखता. तिसऱ्यासाठी मैत्रिणीला मुद्दाम एक चूक करायला सांगा, कोणती ते न सांगता. वर्ग घेऊन दाखवायचा असेल तर पाठाचा आराखडा एका पानात लिहा, आणि जितकं शिकवायचं ठरवलंय त्याच्या निम्मं काढून टाका. परीक्षेत वेळ कमी पडला म्हणून रडलेले मी पाहिलेत. वेळ उरला म्हणून रडलेला अजून कुणी पाहिला नाही.

नापास झालात तर पुन्हा बसता येतं. परीक्षकाचा शेरा मागून घ्या, त्यासाठीच तर फी भरली.

सातवी पायरी: पैसे भरण्याआधी विचारायचे प्रश्न

इथे पटापट सांगते, कारण हे फोनवर दहा मिनिटांत उरकतं. अभ्यासक्रम लेखी मिळेल का? परीक्षा कोण घेणार, शिकवणारेच की बाहेरून कुणी? नापास होणारे असतात का? (‘आमच्याकडे सगळे पास होतात’ हे ऐकलं की फोन ठेवायला हरकत नाही.) सर्टिफिकेट किती काळ चालतं, नूतनीकरणाला काय लागतं? आणि ज्या शाळेत किंवा संस्थेत तुम्हाला जायचंय ती हे मानते का? हा शेवटचा प्रश्न कोर्सवाल्यांना विचारू नका, त्या शाळेला विचारा. लेखी उत्तर मागा. ‘मान्यताप्राप्त’ या शब्दापुढे कुणाची मान्यता हे नाव नसेल, तर तो नुसता शब्द आहे.

केवळ ऑनलाइन असलेल्या कोर्सबद्दल माझं मत असं की शरीरशास्त्र, इतिहास, पाठाची आखणी यासाठी ते चांगले असतात. पण तुमचा वर्ग कुणी प्रत्यक्ष किंवा निदान न कापलेल्या चित्रफितीवर बघत नसेल, तर त्याला शिकवण्याचं सर्टिफिकेट म्हणू नये.

आठवी पायरी: सर्टिफिकेटच्या शेजारी लागणारे कागद

हे कुणी सांगत नाही आणि अडतं मात्र इथेच. प्रथमोपचाराचा कोर्स करा, त्याची मुदत संपते ती तारीख कॅलेंडरात टाका. विमा घ्या, कारण हॉल देणारे हल्ली तो मागतात. वर्गात वाजवलेलं गाणं हा कित्येक देशांत सार्वजनिक वापर धरला जातो आणि त्याचा वेगळा परवाना लागतो. घरी ऐकण्यासाठी भरलेली महिन्याची वर्गणी त्यासाठी चालत नाही. मुलांबरोबर काम करणाऱ्यांची पार्श्वभूमी तपासण्याची पद्धतही अनेक ठिकाणी आहे, ती लागू असेल तर आनंदाने करून घ्या. स्पर्शाबद्दलचा नियम पहिल्याच दिवशी पालकांना आणि मुलांना सांगा. हात लावून स्थिती सुधारायची असेल तर आधी विचारणार, आणि ‘नको’ म्हणालं मूल तर बोलून सुधारणार. मोठ्यांच्या बॅचलाही हेच.

परीक्षा संस्थांची नोंदणी टिकवायला दरवर्षी काही तास नवं शिकल्याचा पुरावा लागू शकतो. तिथे ती सह्यांची वही पुन्हा उपयोगी पडते, म्हणून पास झाल्यावर ती बंद करू नका. माझी आता चौथी चालू आहे. पहिलीच्या पहिल्या पानावर अजून लिहिलेलं आहे: लहान बॅच, पंचेचाळीस मिनिटं, दोन जण आदळले, उजवा-डावा पुन्हा बघणे.